पाठीवरची सही

चित्र चौकटीत बसलं, मागे पुठ्ठा लागला, बारीक खिळे ठोकून झाले, कडेने कागदी पट्टी चिकटली, की ताई ते पुन्हा पलटत नसे. बाकावर हिरवं जाड कापड अंथरलेलं असायचं. त्यावर काच खाली, पाठ वर, असं ते चित्र पालथं निजलेलं असायचं. मग कानामागची चपटी सुतारी पेन्सिल निघायची, उजव्या कोपऱ्यात सही व्हायची आणि पेन्सिल परत कानामागे जायची. ही वडिलांची रीत. ते म्हणायचे, पुढची बाजू गिऱ्हाइकाची, तिकडे आता बघायचंसुद्धा नाही. बघितलं की बोट लागतं आणि बोट लागलं की काच पुन्हा पुसावी लागते. पाठ मात्र आपली. कोन सुटला, दोरी तुटली, तर माणूस पाठ बघून आपल्याकडेच येणार.

वडील गेले. बाक राहिला, रीत राहिली आणि दोन मुली राहिल्या. थोरलीने पटाशी धरली. धाकटीला भुशाने शिंका यायच्या, म्हणून ती छपाईत शिरली. बाटल्यांवर, डब्यांवर, औषधांच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापायला लागली. थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणायची, आणि धाकटीचे केस पिकायला लागले तरी ती धाकटीच राहिली.

त्या सकाळी ताई एका लग्नाच्या फोटोसाठी सोनेरी पट्टी कापत होती. टपालवाल्याने सही घेऊन जाड पाकीट दिलं. तिने ते पटाशीने फोडलं, उभ्याने वाचलं, मग स्टूल ओढून बसून वाचलं.

"काय म्हणतंय?" पॉलिशकाकांनी विचारलं. काका वडिलांच्या वेळेपासून दुकानात होते. लाकूड घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषासुद्धा पुसट झाल्या होत्या.

"यंत्रवाल्याच्या वकिलाचं पत्र आहे. धाकटीच्या छपाईच्या यंत्राचे पैसे मी द्यायचे म्हणे. सगळे. व्याजासकट."

"तुम्ही कधी यंत्र घेतलंत?"

"मी साधा रंधा घ्यायचा म्हटलं तर वर्षभर विचार करते, काका."

"मग पत्ता चुकला असेल."

पत्ता चुकला नव्हता. पत्राला एका कागदाच्या दोन झेरॉक्स जोडलेल्या होत्या, पुढच्या बाजूची एक आणि मागच्या बाजूची एक. पुढची बाजू ताई पहिल्यांदाच बघत होती. मागची मात्र तिने लगेच ओळखली. उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने केलेली, जराशी तिरकी, तिचीच सही.

वकीलबाईंचं ऑफिस चौकाच्या पलीकडे, दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. जिना चढताना लवंगेसारखा वास यायचा आणि कुणीतरी आत कण्हत असायचं. वकीलबाई परत आलेल्या चेकांची, बुडालेल्या चिठ्ठ्यांची कामं करायच्या. त्यांच्या खुर्चीमागे त्यांची पदवी टांगलेली होती, ताईनेच चौकट केलेली.

त्यांनी झेरॉक्स घेतल्या आणि आधी मागची बाजू बघितली.

"तुम्हीपण पाठच बघता होय?" ताईने विचारलं.

"आधी तीच. पुढे काय लिहिलंय ते सगळेच वाचतात. कागद कुणाच्या हातून गेला ते मागे असतं." मग त्यांनी पुढची बाजू बोट ठेवून वाचली. "ताई, ही प्रॉमिसरी नोट आहे. वचनचिठ्ठी. धाकटी लिहून देते, की अमुक तारखेला मी माझ्या थोरल्या बहिणीला, किंवा ती सांगेल त्याला, एवढे पैसे देईन. म्हणजे कागदावर येणं तुमचं आहे."

"माझं? मी तिला कधी दिले होते?"

"दिले नव्हते. यंत्रवाल्याला एकट्या धाकटीचा भरवसा नव्हता. म्हणून त्याने चिठ्ठी तुमच्या नावाने लिहायला लावली आणि मागे तुमची सही मागितली. सही केलीत, म्हणजे तुम्ही ती पुढे त्याच्या हातात दिलीत. आणि देताना हमीही दिलीत. तिने पैसे भरले नाहीत तर भरणार तुम्ही."

"मी एवढं सगळं केलं?"

"एका सहीत."

ताईला तो दिवस आठवला, तिने तो सांगितला. तिचे दोन्ही हात सरसाने चिकट झालेले. धाकटी घाईघाईने आली, हिरव्या कापडावर कागद ठेवला, पालथा, आणि म्हणाली, ताई, पाठीवर सही दे गं, यंत्रवाल्याला तुझी ओळख हवीय. ताईने कोपराने नाक पुसलं, कानामागची पेन्सिल काढली, सही केली. धाकटीने कागद उचलला, तोही पालथाच, आणि गेली.

"पलटून बघितला नाहीत?"

"पाठ वर असली की आम्ही पलटत नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी न्यायाधीशांना कसं सांगू?"

"तिला माहीत होतं," ताई म्हणाली. "तीही त्याच दुकानात वाढलीय." आणि स्वतःचं बोलणं स्वतःच्याच कानावर पडल्यासारखी गप्प झाली. मग चटकन म्हणाली, "घाईत होती पोरगी. तसाच पडला असेल कागद."

वकीलबाईंनी झेरॉक्स पुन्हा जवळ ओढल्या. त्या सुटकेचं एकेक दार ढकलून बघायला लागल्या. ताई विचारायची, त्या उत्तर द्यायच्या.

"पेन्सिलीची सही चालते?"

"कोळशाने केली असती तरी चालली असती."

"मला यातून एक पैसा मिळाला नाही."

"तुम्हाला नाही, पण त्या सहीच्या भरवशावर त्याने यंत्र दिलं ना. त्याचं काहीतरी गेलंय. तेवढं पुरतं."

"तारीख मागाहून बदलली असेल तर?"

वकीलबाईंनी भिंग काढलं. तारीख एका हाताची, एका शाईची होती. रक्कम अक्षरात आणि आकड्यात सारखी होती.

"नाही दिले तर?"

"तर दुकानावर येतील."

ताईने खिडकीबाहेर बघितलं. इथून दुकान दिसत नव्हतं, पण दुकानासमोरचा दिव्याचा खांब दिसत होता. पुढच्या खोलीत उजेड चांगला यायचा. तिथे गिऱ्हाइकं उभी राहून आपापली माणसं निरखायची, कुणाची हसरी, कुणाची गेलेली.

"एक दार आहे," वकीलबाई म्हणाल्या. "मागे सही करणाऱ्याला कायदा अगदी वाऱ्यावर सोडत नाही. चिठ्ठीचे पैसे ठरल्या तारखेला मिळाले नाहीत, तर ते तुम्हाला लगेच कळवायला हवं, म्हणजे तुम्ही धावपळ करू शकाल. कळवलं नाही, तर तुम्ही सुटलात. पत्रात त्यांनी मोघम लिहिलंय, 'आपणास वेळेत कळवण्यात आले आहे.' कुणी कळवलं?"

"कुणी नाही."

"पत्र? फोन? कुणी माणूस?"

"वकीलबाई, त्यांच्यातला कुणी माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही. हे धडधडीत खोटं आहे."

वकीलबाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली. त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "मग त्यांना सिद्ध करू दे. ताई, बहुतेक वाचलात. बहिणीशी बोललात का यावर?"

"नाही अजून. तिच्या जिवाला घोर कशाला. आत्ता कुठे बोलायला लागलीय माझ्याशी." आणि सुटल्याच्या आनंदात ताई सांगायला लागली, ज्याला त्याला सांगत सुटली होती तसंच, वकीलबाईंनाही.

झालं होतं असं. यंत्र आलं त्या दिवशी धाकटीने सगळ्यांना बोलावलं होतं. यंत्र अर्धी खोली अडवून बसलेलं. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "यंत्र आहे की हत्ती? याला खायला कोण घालणार?" लोक हसले. धाकटी हसली नाही. त्या दिवसापासून तिचं येणं बंद. ताईने निरोप पाठवले, धाकटीने घेतले नाहीत. दोन वर्षं अशीच गेली.

आणि मग एका संध्याकाळी, दुकान बंद करायच्या वेळी, दारात धाकटी. बरोबर एक सडपातळ माणूस. "गाडीवाला आहे, मला सोडायला आलाय," ती म्हणाली. तो पाणी प्यायला आणि दारापाशी पेटीवर बसला. धाकटी उभ्यानेच म्हणाली, "ताई, माझी चिठ्ठी वटली नाही. काल तारीख होती. मला पैसे भरता आले नाहीत." आवाज कोरडा, वाचून दाखवल्यासारखा. ताईला चिठ्ठीचं काहीच ऐकू आलं नाही. तिला तोंड तेवढं दिसलं, सुकलेलं, आणि केस, कसे तरी बांधलेले.

"बस आधी," ताई म्हणाली. बुटक्या स्टुलावर तिला बसवलं, पाठमोरी, आणि फळीवरचा कंगवा काढला. लहानपणी आई आजारी असायची, तेव्हा धाकटीची वेणी ताईकडेच असायची. आई अंथरुणातून म्हणायची,

धाकटीच्या केसांमध्ये गुंता गुंतूनिया राही,
थोरलीच्या बोटांना गं घाई ठाऊकच नाही.

ताईने टोकाकडून गुंता सोडवायला घेतला. धाकटीचे खांदे हलायला लागले. रडता रडता ती म्हणाली, "तुला कळलं ना ताई, मी काय सांगितलं?" ताई म्हणाली, "कळलं गं." थोड्या वेळाने पुन्हा, "कळलं ना नक्की?" "कळलं म्हटलं ना. मान हलवू नकोस." वेणी झाली. धाकटी उठली, ताईच्या गळ्यात पडली आणि त्या माणसाबरोबर गेली. ताईला त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सांगून झालं तेव्हा वकीलबाईंचं पेन थांबलेलं होतं.

"ताई, तो गाडीवाला कोण होता?"

"कोण म्हणजे? गाडीवाला."

"तुमच्या गल्लीत गाडी येते?"

गल्लीत हातगाडीसुद्धा अडकायची.

"यंत्रवाल्याने स्वतः कळवायला हवं असं नाही," वकीलबाई अगदी हळू बोलायला लागल्या, दुखऱ्या दाताला हात लावावा तशा. "त्याच्या वतीने कुणीही कळवलं तरी भागतं. तोंडी सांगितलं तरी भागतं. फक्त ऐकणाऱ्याला कळलं, हे सांगणारा एक साक्षीदार लागतो."

"म्हणजे ती..."

"मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारलं, तो कोण होता."

ताई जिना उतरली. खाली दवाखान्यात कुणीतरी चूळ भरत होतं.

दुकानात काका पट्टीवर पॉलिश पेपर फिरवत होते. ताईने विचारलं, "काका, धाकटी आली होती तेव्हाचा तो गाडीवाला आठवतो?"

"आठवतो की. मी तेव्हाच म्हटलं, हा कसला गाडीवाला. कोपऱ्यावरही गाडी नव्हती, पुढे चालतच गेले दोघं. आणि मला म्हणतो, किती वाजले? मनगटावर हे एवढं घड्याळ. मी म्हटलं, बंद पडलंय का? तर म्हणतो, नाही, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." काका हसले. मग ताईचं तोंड बघून त्यांचं हसणं ओठावरच राहिलं. "काय झालं?"

"काही नाही. त्या पट्टीला दुसरा हात द्या."

दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या छापखान्यात गेली. यंत्र धडधडत होतं. खोकल्याच्या औषधाची लेबलं एकामागून एक बाहेर पडत होती, सगळ्यांवर तोच चमचा, तीच बाटली. बायका ती गोळा करून गठ्ठे बांधत होत्या. धाकटीने ताईला दारात बघितलं आणि यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं.

"ताई? ये ना. सांभाळ, तिथे शाई ओली आहे."

"तुझा गाडीवाला कुठाय?"

धाकटीचा हात खटक्यावर तसाच राहिला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या.

"यंत्रवाल्याचा कारकून आहे तो," धाकटी म्हणाली.

"वाटलंच. चांगला होता बिचारा. पाणी पिऊन पेला पालथा घालून ठेवलान."

"ताई, असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? तूच शिकव. तुला दोघांचं बोलणं एका तोंडाने येतं."

धाकटी कागदाच्या रिळावर बसली. तिने आडपडदा ठेवला नाही. "यंत्रवाला म्हणाला, जाऊन नुसतं सांगून ये, माणूस सोबत देतो. म्हणाला, सांगितलंस तर आधी तिच्याकडे मागू, यंत्र इथेच राहू दे. नाहीतर दुसऱ्या दिवशी उचलणार होता. या चौघी कुठे गेल्या असत्या?"

"त्याने तुला सोडलं? तसं लिहून दिलंय?"

"लिहून नाही. म्हणाला, मला लेखी सोडलं तर कायद्याने ताईपण सुटेल."

"हुशार आहे. आणि तू ते ऐकून घेतलंस."

"मी खोटं एक अक्षर बोलले नाही, ताई. चिठ्ठी वटली नव्हती, तेच सांगितलं."

"मला सांगायचं होतंस. मला. की ताई, मी तुला यात अडकवलंय, आता काय करू. कारकून घेऊन यायची काय गरज होती?"

"तू दिले असतेस?"

ताईने विचार केला. खरोखर केला. "दिले असते. शिव्या घालून दिले असते."

"त्या शिव्याच नको होत्या मला."

बाहेर बायका नळाखाली पेले विसळत होत्या. ताई यंत्राकडे बघत म्हणाली, "आणि रडलीस ते? तेही त्यानेच सांगितलं होतं?"

"नाही." धाकटीने मान खाली घातली. "तू कंगवा काढलास ना. मग माझं मलाच आवरलं नाही."

"आणि दोनदा विचारलंस, कळलं ना, कळलं ना?"

"ते त्याने सांगितलं होतं."

ताईला वाटलं, यापेक्षा सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं. तिने आजवर किती गुंते सोडवले होते, पण हे असे दोन पेड एकमेकांत गेलेले, एक धाकटीचा आणि एक यंत्रवाल्याचा, यातला कुठला ओढला म्हणजे दुसरा तुटणार नाही हे तिला कळेना.

ती जायला वळली तेव्हा धाकटी मागून आली. "ताई, ऐक. तू म्हण मी आलेच नाही. मीपण तसंच सांगेन. कारकून एकटा पडेल. दोघी बहिणी एकच सांगतायत म्हटल्यावर त्याचं कोण ऐकतंय? तू सुटशील."

"आणि तुझं यंत्र?"

"नेऊ दे."

"म्हणजे तू आलीच नव्हतीस."

"कागदावर गं, नुसतं कागदावर."

"दोन वर्षं आली नाहीस. एकदा आलीस, तर आता तेही आली नव्हतीस म्हणायचं," ताई म्हणाली आणि पायरी उतरली.

उत्तर लिहायच्या दिवशी वकीलबाईंनी दार लावून घेतलं. "खोटं मी लिहिणार नाही, ताई. ते तुम्हीही सांगणार नाही. पण भांडायला जागा आहे. चिठ्ठी बुडवणाऱ्यानेच येऊन सांगितलं, ते यंत्रवाल्याच्या वतीने धरायचं का, यावर बोलता येईल. जिंकू असं नाही सांगत. पण बोलता येईल."

"त्यासाठी काय करावं लागेल?"

"धाकटीला उभं करून विचारावं लागेल. का आलीस, कुणी पाठवलं, काय काय बोललीस, कुठे बसलीस."

"कंगव्याचंही विचारतील?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "त्यांच्या जागी मी असते तर विचारलं असतं. केस विंचरून घेण्याइतकं निवांत बोलणं झालं, म्हणजे यांना नीट कळलं होतं, असं म्हटलं असतं."

ताईने टेबलावरची पेन्सिल उचलली, बघितली, ठेवून दिली. "लिहा. धाकटी आली होती. सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, कळलं."

"मग पैसे भरावे लागतील."

"भरते."

"ताई, तिच्यासाठी एवढं..."

"तिच्यासाठी नाही. माझ्या दुकानात, माझ्या बाकाजवळ झालेलं आहे ते. चार माणसांत कुणाच्या बोटांनी चाचपलेलं मला नकोय."

पायाने दाबून कोन कापायची वडिलांची मशीन विकली. चौघांनी मिळून उचलली तेव्हा फरशीवर तिच्या चार पायांचे गोरे ठसे राहिले. पुढची खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्याने गेली, त्याचं वर्षाचं भाडं आगाऊ घेतलं. उरलेलं बँकेकडून उचललं. मागच्या खोलीत उजेड कमी, म्हणून बाकावर दिवा टांगला. ताई आता कोन करवतीने कापायची, कोनमापाचा गुण्या लावून, आणि पट्टीमागे पट्टी वाया जायची. काका त्या पट्ट्या उचलून घेत. वाया गेलेल्या तुकड्यांच्या लहान चौकटी करून ठेवत.

पैसे भरले त्या दिवशी यंत्रवाल्याकडून चिठ्ठी परत आली, अस्सल. वकीलबाईंनी ती ताईच्या हातात दिली. "आता ही तुमची. मागची सही खोडून टाका, तो हक्क आहे तुम्हाला. सही गेली की एवढंच उरतं, की धाकटी तुम्हाला देणं लागते. हवं तेव्हा दावा लावा. मुदत आहे, फक्त ती कायमची नसते."

ताईने दुकानात येऊन चिठ्ठी हिरव्या कापडावर ठेवली, पालथी. खोडरबर घेतलं. पेन्सिलीची सही सहज निघाली, राखाडी मळ झटकला. पण लाकडावर लिहायची सवय असलेला तो हात पेन्सिल दाबून धरायचा. अक्षरं गेली आणि त्यांची खोबण राहिली. दिव्याखाली तिरकं धरलं की सगळं नाव वाचता येत होतं.

मग तिने कागद पलटला. त्या बाकावर पहिल्यांदाच तिने काही पलटलं असेल. धाकटीचं अक्षर होतं, शाळेतल्यासारखं, ओळीवर टेकलेलं. माझी थोरली बहीण हिला, किंवा ती सांगेल त्याला. 'थोरली' शब्दावर शाई जरा दाट झाली होती, पेन तिथे थांबल्यासारखं.

"चौकट करू का याला?" काकांनी वातावरण हलकं करायला म्हटलं.

"कुठली बाजू पुढे ठेवाल?"

काकांनी खिळ्यांचा डबा उगीचच हलवून बघितला आणि परत कामाला लागले. ताईने चिठ्ठी काचा कापायच्या हिऱ्याबरोबर खणात टाकली.

वकीलबाई रस्त्यात भेटल्या की मुदतीची आठवण करून द्यायच्या. ताई मान हलवायची. लोक विचारायचे, धाकटी येते का हो आता? पूर्वी ताईने ती गोष्ट रंगवून सांगितली असती. आता ती म्हणायची, कामात असते.

आणि एका संध्याकाळी धाकटी आली. पुढच्या खोलीतून, मोबाईलवाल्याच्या काचेच्या कपाटाला वळसा घालून, चाचपडत मागे आली. फरशीवरच्या चार गोऱ्या ठशांपाशी थांबली. तिला कळलं तिथे काय होतं. ठसे चुकवून ती बाकाजवळ आली. हातातली पिशवी खाली ठेवली, केसांची गाठ सोडली आणि बुटक्या स्टुलावर ताईकडे पाठ करून बसली.

ताईचा हात फळीवर गेला. कंगवा होता तिथेच होता. तिने तो घेतला, एक बट हातात धरली, टोकाकडून, आईने सांगितलं होतं तशी. केस खरखरीत झाले होते, त्यांना शाईचा वास येत होता. गुंता होता, फार नव्हता. पण ताईची नजर केसांवर ठरेना. ती पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती, पेटीकडे, पेटीवर कुणी बसलंय का ते बघत होती.

"ताई," धाकटी पाठमोरीच म्हणाली. "तुला एक सांगायचं होतं."

"थांब." ताईने बट सोडली नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाला माप विचारावं तसा होता. "आधी मला सांग. कुणाच्या वतीने सांगतेयस?"

धाकटीची मान ताठ झाली. ती वळली नाही. बाहेर गल्लीत कुणाची तरी पावलं वाजली, दारापाशी जरा रेंगाळली. दोघी कान देऊन बसल्या, ती पुढे निघून जाईपर्यंत.